कुंपण आणि मीठ

चीनच्या बादशहाच्या पदरी जवळजवळ अर्धशतक चाकरी केलेल्या सर रॉबर्ट हार्ट या आयरिश गृहस्थाची हकीकत इतिहासाच्या वाचकांस परिचित असेल. १८५३ साली शांघाय बंडखोरांच्या हाती गेले, तेथील चिनी जकातीची व्यवस्था कोसळली, आणि पुढच्याच वर्षी परकीय कॉन्सलांनी जकातवसुलीवर आपली माणसे नेमली. त्यातून चीनचे सागरी जकात खाते उभे राहिले. हार्ट १८६३ मध्ये त्याचा इन्स्पेक्टर-जनरल झाला आणि १९११ मध्ये मृत्यू येईपर्यंत ते पद त्याच्या नावावर राहिले. खाते चीनचे, पगार चीनच्या तिजोरीतून. परंतु वरचे अधिकारी परदेशी, आणि जकातीचे दर परकीयांनी तोफांच्या धाकाने करवून घेतलेल्या तहांनी बांधलेले. १९०१ नंतर तर हे उत्पन्न बॉक्सर बंडाच्या दंडापोटी तारण पडले. हार्ट स्वतः प्रामाणिक आणि दक्ष होता. त्याच्या खात्याने दीपगृहे बांधली, बंदरांचे नकाशे काढले, टपालाची व्यवस्था लावली. चिनी देशभक्तांना मात्र ते खाते म्हणजे आपल्या घराच्या उंबरठ्यावर बसलेला परका कारभारीच वाटे.

हार्टचे खाते पाहून आपणांस नवल वाटते. परंतु त्याच काळात त्याहूनही विलक्षण असे एक परकीय जकात खाते आपल्या देशात नांदत होते, याचे स्मरण फार थोड्यांस आहे. चीनमधील खाते निदान समुद्रकिनाऱ्यावर, परदेशी मालावर जकात घेई. आपल्याकडील खाते देशाच्या अंतर्भागात, एकाच सरकारच्या दोन प्रदेशांच्या मध्ये, देशात पिकलेल्या मिठावर जकात घेत असे. आणि त्यासाठी त्याने शेकडो मैल काटेरी कुंपण लावले होते. या रेषेचे दक्षिणेकडील टोक महानदीच्या काठी होते. छत्तीसगडात नोकरीनिमित्त राहणाऱ्या आपणां मराठी माणसांना तो इतिहास म्हणूनच परका मानता येत नाही.

परका न मानण्याचे दुसरेही एक कारण आहे. अठराव्या शतकात ही महानदी उगमापासून मुखापर्यंत बव्हंशी नागपूरकर भोसल्यांच्या सत्तेखाली वाहत होती. १७४१ मध्ये भास्कररामाच्या स्वारीने रतनपूरचे हैहय राज्य भोसल्यांच्या कह्यात आले. पुढे बिंबाजी भोसल्याने रतनपुरास राहून १७८७ पर्यंत येथला कारभार पाहिला. १७५१ पासून १८०३ पर्यंत कटक-बालेश्वरचा किनाराही भोसल्यांकडे होता. म्हणजे छत्तीसगडचा धान्याचा मुलूख आणि ओरिसाची मिठागरे ही एकाच धन्याची होती. मीठ आणणारे होते बंजारे, म्हणजे आपल्याकडचे लमाण. त्यांचे बैलांचे तांडे किनाऱ्यावरून गोण्या भरून निघत, डोंगर-जंगल ओलांडून रायपूर-बस्तरच्या बाजारात उतरत, आणि परतताना धान्य, लाख, मोहाची फुले घेऊन जात.

भोसल्यांचे राज्य म्हणजे रामराज्य होते असे म्हणण्याचा हेतू नाही. जकात तेव्हाही होती. मराठी राज्यात घाटाघाटांवर, उतारांवर नाकी असत. जकातीचे मामले मक्त्याने दिले जात, आणि मक्तेदार आपली रक्कम रयतेकडून भरून काढी. बंगाल्यात भोसल्यांच्या स्वारांनी जे केले ते तर तेथल्या पाळण्यांतील गीतांतही उतरले. परंतु त्या नाक्यांवर घेतली जाणारी जकात ही मालाच्या किमतीच्या मानाने बेताची असे, आणि तांड्याला एक वाट महाग पडली तर दुसरी मोकळी असे. सबंध मुलखाला वेढा घालून मिठाच्या कणाकणावर हक्क सांगण्याची कल्पना जुन्या मामलेदारांना सुचली नव्हती, आणि सुचती तरी पेलली नसती.

ती सुचली आणि पेलली कंपनी सरकारला. बंगालचा दिवाणी अधिकार मिळाल्यानंतर १७७२ मध्ये वॉरन हेस्टिंग्जने मिठाचे उत्पादन कंपनीच्या ताब्यात आणले. पुढे कंपनी स्वतः मीठ तयार करवून लिलावाने विकू लागली. १७८८ च्या सुमारास बंगालमध्ये मिठावरील कराचा भार मणामागे सव्वातीन रुपयांपर्यंत चढला होता. एकदा असे उत्पन्न हाती लागले की त्याची राखण आली. शेजारच्या ओरिसातील मीठ स्वस्त, तेव्हा ते चोरवाटेने बंगालमध्ये येणारच. १८०३ मध्ये देवगावच्या तहाने कटक-बालेश्वर कंपनीकडे गेले आणि तेथील मिठागरांवरही कंपनीचा एकाधिकार बसला. जे मीठ किनाऱ्यावरच्या माणसाला अंगणातल्या मातीइतके सुलभ होते, ते त्याला सरकारी भावाने विकत घ्यावे लागू लागले. १८१७ मध्ये खुर्द्याच्या पाइकांनी बक्षी जगबंधूच्या नेतृत्वाखाली उठाव केला, त्याच्या कारणांत जमिनीबरोबर मिठाचेही नाव घेतले जाते.

बंगालमध्ये १८०३ पासूनच रस्त्यांवर आणि नद्यांवर जकातीची ठाणी बसली होती. १८३४ मध्ये चार्ल्स ट्रेव्हेलियन याने अंतर्गत जकातींवर एक कडक अहवाल लिहिला आणि त्याचा परिणाम होऊन १८३६ मध्ये बंगाल इलाख्यातील वाटेच्या जकाती उठल्या. मुंबई आणि मद्रास इलाख्यांनी त्याचे अनुकरण केले. व्यापार मोकळा झाला म्हणून सर्वत्र आनंद झाला. मीठ मात्र या मोकळिकीतून वगळले गेले. मुंबई इलाख्यात तर बुडालेल्या जकातीची भरपाई म्हणून मिठावर मणामागे आठ आणे कर नव्याने बसला. १८४४ मध्ये तो एक रुपया करताच सुरतेत दंगा उसळला आणि सरकारला बारा आण्यांवर उतरावे लागले. म्हणजे साखर, कापड, लोखंड यांच्या वाटेतील नाकी उठवून त्यांचा सगळा भार, जी वस्तू राजालाही लागते आणि भिकाऱ्यालाही तितकीच लागते, त्या एका वस्तूवर लादण्यात आला.

उत्तरेत हे काम जी. एच. स्मिथ या कमिशनराने पद्धतशीर केले. १८३४ पासून वीस वर्षे तो या खात्यावर होता. किरकोळ जिनसांवरील जकाती काढून त्याने सारा रोख मिठावर धरला, आणि १८४३ मध्ये ‘अंतर्गत जकात रेषा’ हे नाव रूढ झाले. राजपुतान्यातील सांभर सरोवराचे मीठ स्वस्त; ते ब्रिटिश मुलखात येऊ द्यायचे तर रेषेवर कर भरूनच, असा हा हिशेब होता. मैलामैलावर एक चौकी, प्रत्येक चौकीवर एक जमादार आणि दहा शिपाई, चौक्यांना जोडणारी उंच पायवाट, आणि दर चार मैलांवर येण्याजाण्यासाठी एक दरवाजा, अशी तिची रचना होती. रेषेच्या मागे दोनतीन मैलांवर गस्तीची दुसरी फळी असे.

कंपनी गेली, राणीचे राज्य आले, रेषा वाढतच गेली. १८६९ मध्ये तिचे तुटक भाग जोडण्याचा हुकूम झाला, आणि हिमालयाच्या पायथ्याशी सिंधूकाठच्या तरबेल्यापासून ओरिसातील महानदीकाठच्या सोनपूरपर्यंत २,५०४ मैलांची, म्हणजे सुमारे ४,००० किलोमीटरांची, एक अखंड सीमा तयार झाली. तिचे तीन भाग होते. सिंधूचे विशाल पात्र हाच अडसर म्हणून वरच्या भागात पहारा विरळ होता. मुलतानपासून सतलज-यमुनेच्या आश्रयाने दक्षिणेस बऱ्हाणपूरच्या पलीकडे येणारा १,४२९ मैलांचा पट्टा सर्वांत कडक. बऱ्हाणपुराहून पूर्वेस वळून मध्य प्रांत ओलांडत सोनपुराला पोचणारा शेवटचा ७९४ मैलांचा पट्टा पुन्हा काहीसा विरळ. या शेवटच्या पट्ट्याचे काम असे की, मुंबई व मद्रास इलाख्यांतील कमी कराचे मीठ उत्तरेच्या जास्त कराच्या मुलखात शिरू नये. १८६९ नंतर मुंबई-मद्रासकडे मणामागे एक रुपया तेरा आणे कर होता, उत्तर हिंदुस्थानात तीन रुपये, बंगालमध्ये सव्वातीन.

कुंपणाचे काम मात्र ज्याच्या नावाशी जोडले जाते, तो गृहस्थ आपणां सर्वांच्या ओळखीचा आहे. १८६७ ते १८७० या काळात अंतर्गत जकातीचा कमिशनर होता ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम. त्यापूर्वी चौक्यांच्या दरम्यान सुक्या काट्यांचा बांध घातलेला असे. त्याला वाळवी लागे, वणवा लागे, वादळ उडवून नेई; आणि दर मैलाला सुमारे २५० टन काटेरी फांद्या दूरवरून वाहून आणाव्या लागत. ह्यूमने ठरवले की कुंपण वाढते असावे. जमिनीचा पोत पाहून त्याने बोर, बाभूळ, करवंद, फड्या निवडुंग आणि थोर यांची लागवड करविली. मातीचे बांध घातले, विहिरी खणल्या. ही झाडे आठ-बारा फूट उंच आणि चार ते चौदा फूट जाड होत. पुढच्या दशकात जिवंत, सुके आणि काही ठिकाणी दगडी असे मिळून हे कुंपण दीड हजार मैलांच्या घरात गेले.

जमाखर्चाच्या दृष्टीने पाहिले तर हे खाते नमुनेदार होते. १८६९-७० मध्ये रेषेवर मिठाचे १ कोटी २५ लाख रुपये आणि साखरेचे १० लाख रुपये जमा झाले. खर्च आला १६ लाख २० हजार, म्हणजे शंभर रुपये वसुलीमागे बारा रुपये. चौक्या १,७२७, माणसे सुमारे बारा हजार. कोणत्याही हिशेबतपासनिसाने समाधानाने सही करावी असा हा ताळेबंद. परंतु त्याच ताळेबंदाची दुसरी बाजू कोणत्या रकान्यात लिहावयाची? मणाला तीन रुपये म्हणजे शेरामागे जवळजवळ सव्वा आणा निव्वळ कर. पाच माणसांच्या कुटुंबाला वर्षाला अर्धा-पाऊण मण मीठ लागणार. ज्याची महिन्याची मजुरी तीन-चार रुपयांच्या आतबाहेर, त्याचे दोनतीन आठवड्यांचे श्रम केवळ मिठाच्या करात गेले. श्रीमंताला हा कर जाणवतही नसे. ज्याचे पोट भाकरी-मिठावर किंवा आपल्या या छत्तीसगडी कुळवाड्याप्रमाणे बासी आणि नून यांवर आहे, त्याच्याच पानातून तो कापला जाई. शिवाय उन्हात राबून घाम गाळणाऱ्यालाच मिठाची गरज अधिक.

तेव्हा चोरटा व्यापार होणे अपरिहार्य होते. रात्री उंटांची रांग कुंपणावर घालणे, गोण्या वरून फेकणे, शिपायाच्या मुठीत काही ठेवणे, असे नाना प्रकार चालत. १८७३-७४ मध्ये ३,२७१, तर १८७७-७८ मध्ये ६,०७७ जणांना शिक्षा झाल्याची नोंद आहे. यांतील पुष्कळ जण पोटापुरते मीठ घेऊन जाणारेच असले पाहिजेत. आणि पहारेकऱ्यांची स्थिती तरी काय होती? १८६८ या एका वर्षात खात्याची ११५ माणसे मेली आणि २७६ बडतर्फ झाली. रजेवर गेलेली कित्येक परतलीच नाहीत. गाव-शिवारापासून दूर, अपुऱ्या पगारावर, रात्रंदिवस काट्यांच्या भिंतीलगत फेऱ्या घालणारा तो शिपाईही आपल्यासारख्याच एखाद्या शेतकऱ्याचा मुलगा. ‘कुंपणच शेत खाते’ ही आपली म्हण लाचखाऊ राखणदाराबद्दल आहे. येथे कुंपण शेत खात होते ते नियमानुसार, पावती देऊन.

ह्यूमबद्दल मात्र एकेरी निवाडा देता येत नाही. सत्तावन्नच्या वणव्यात इटाव्याचा कलेक्टर असताना त्याने माणुसकी सोडली नव्हती. पक्षिशास्त्रात तर त्याचे ऋण आजचे अभ्यासकही मानतात. आणि कुंपण वाढविणाऱ्या या माणसानेच सांभर सरोवराबाबत जयपूर आणि जोधपूर संस्थानांशी बोलणी केली. लॉर्ड मेयोच्या कारकिर्दीत ते सरोवर सरकारने भाडेपट्ट्याने घेतले. मीठ जेथे तयार होते तेथेच कर घेता आला, तर वाटेवरच्या भिंतीचे प्रयोजन उरत नाही, हे त्यामागचे तत्त्व होते. ते पुरे होण्यास आणखी नऊ वर्षे लागली. लॉर्ड लिटनच्या वेळी अर्थमंत्री सर जॉन स्ट्रेची याने राजपुतान्यातील उरलेल्या संस्थानांशी करार केले आणि १ एप्रिल १८७९ रोजी ही रेषा बहुतांशी उठवण्यात आली.

या सुधारणेची किंमत कोणी दिली, हे आपण मराठी वाचकांनी अवश्य ध्यानात ठेवावे. रेषा उठवायची तर दोन्ही बाजूंचे दर जवळ यावयास हवेत. उत्तरेचा दर तीन रुपयांवरून अडीचवर उतरवला आणि मुंबई-मद्रासचा एक रुपया तेरा आण्यांवरून त्याच अडीच रुपयांवर चढवला. ही वाढ झाली ती नेमकी १८७६ ते १८७८ च्या भीषण दुष्काळाच्या पाठीवर, ज्या दुष्काळात सोलापूर, कलादगी, नगर हे जिल्हे होरपळून निघाले होते. पुढे १८८२ मध्ये सर्वत्र दोन रुपये दर झाला हे खरे. परंतु भुकेल्या वर्षांत दिलेला पैसा कोणी परत केला नाही.

याच सुमारास हे तंत्र गोव्यातही पोचले. १८७८ च्या इंग्रज-पोर्तुगीज तहाने गोवा आणि ब्रिटिश हिंदुस्थान यांची जकात एक झाली, आणि वार्षिक चार लाख रुपयांच्या मोबदल्यात गोव्याच्या मिठाचा ताबा इंग्रजांकडे गेला. १८८० पासून १८९२ मध्ये तह संपेपर्यंत एका परकीय सत्तेच्या मिठागरांवर दुसऱ्या परकीय सत्तेचे अंमलदार देखरेख करीत होते. आपल्याच आगरात पिकलेले मीठ गोमंतकीयाला महाग झाले. हार्टच्या चिनी खात्याशी साम्य शोधावयाचे तर ते याहून अधिक जवळचे मिळणार नाही.

मिठाचे कुंपण गेले, कर राहिला. १८८८ मध्ये तो पुन्हा अडीच रुपये झाला. १९०२ मध्ये गोपाळ कृष्ण गोखल्यांनी वरिष्ठ कायदेमंडळात अर्थसंकल्पावरील आपले पहिले भाषण केले, तेव्हा तिजोरीत शिल्लक उरते म्हणजे रयतेवर गरजेपेक्षा अधिक कर आहे, हे त्यांनी आकड्यांनी दाखवले आणि मिठावरील कर उतरविण्याची मागणी केली. पुढच्या वर्षी आठ आणे कमी झाले. १९०७ पर्यंत दर एका रुपयावर आला. सरकारच्याच आकड्यांतून सरकारला उत्तर देण्याची ही रीत, कागदांत वावरणाऱ्या माणसाला अभिमान वाटावा अशी आहे. आणि ज्या काँग्रेसने हा प्रश्न वर्षानुवर्षे धरून ठेवला, तिच्या १८८५ च्या मुंबईतील पहिल्या अधिवेशनामागचा मुख्य प्रवर्तक होता तोच ह्यूम, कुंपणाचा एके काळचा माळी.

१९३० मध्ये गांधीजींनी दांडीला मीठ उचलले, तेव्हा शिरोड्यापासून वडाळ्यापर्यंत आपला किनारा जागा झाला. रायपूरला समुद्र कोठला? येथे पंडित रविशंकर शुक्ल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हायड्रोक्लोरिक आम्ल आणि सोडा यांच्या संयोगातून मीठ तयार करून कायदा मोडला. ज्या भूमीवर निसर्गाने मीठ दिलेले नाही तेथे ते रसायनाने करावे, यात विनोदाचा अंश आहे खरा. पण शतकभराच्या सक्तीला दिलेले ते अतिशय नेमके उत्तर होते. त्याच वर्षी धमतरीजवळ रुद्री-नवागावला जंगल सत्याग्रह झाला. मीठ नाही तर गवत कापू, असे म्हणून लोक राखीव रानात शिरले. त्या चळवळीच्या पुढाऱ्यांत बाबू छोटेलाल श्रीवास्तव यांच्या जोडीला नारायणराव मेघावाले आणि नत्थूजी जगताप ही नावे आहेत. छत्तीसगडात स्थायिक झालेली मराठी घराणी येथील सुखदुःखाशी कशी एकरूप झाली होती, हे त्या नावांवरून कळावे. मिठावरील तो कर अखेर १९४७ मध्ये उठला.

एवढे प्रचंड कुंपण लोकस्मृतीतून मात्र साफ पुसले गेले. रॉय मॉक्सहॅम या इंग्रज लेखकाला स्लीमनच्या जुन्या ग्रंथात त्याचा ओझरता उल्लेख सापडला, आणि काही वर्षे शोध घेतल्यावर १९९८ मध्ये इटावा जिल्ह्यात त्याचा एक अवशेष दिसला. त्याचे पुस्तक २००१ मध्ये निघाले, तोवर आपल्याकडील शिकलेल्यांनाही ते ठाऊक नव्हते. विस्मृतीचे कारण शोधताना असे वाटते की, लढाया आणि तह यांना इतिहास आपण मानतो. खात्याचे हुकूम, चौकीची हजेरी, दराचे तक्ते यांना मानीत नाही. आणि ज्यांनी ती सक्ती सोसली ते आपली कहाणी लिहून ठेवणारे नव्हते.

परमुलखात सरकारी कामावर असलेल्या आपणांस या इतिहासाचा एक विशेष उपयोग आहे. त्या रेषेवरचे बहुतेक अधिकारी दुष्ट नव्हते. ते मेहनती होते, त्यांचे हिशेब चोख होते, त्यांचे वार्षिक अहवाल वाचनीय होते. कुंपण किती फूट उंच झाले, खर्च किती वाचला, हे त्यांनी बारकाईने लिहिले. हे कुंपण असावे काय, हा प्रश्न विचारण्याची त्यांच्या नमुन्यात जागा नव्हती. स्वराज्यात नाका आपला आहे, तिजोरी आपली आहे, आणि २०१७ पासून वस्तू व सेवा कराच्या नव्या व्यवस्थेत राज्यांच्या सीमांवरील बहुतेक तपासणी नाकीही उठली. तरी समोरच्या फाइलीतल्या आकड्यामागे कोणाच्या पानातले काय कापले जाते, हे विचारण्याची जबाबदारी त्यामुळे हलकी होत नाही. परक्या राज्यात तो प्रश्न न विचारणाऱ्या कारकुनाला निदान सबब होती. आपल्याला ती नाही.